मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड
पांढरे, पाण्यात अत्यल्प विरघळणारे अल्कधर्मी संयुग. निसर्गात ते ब्रुसाइट या खनिजाच्या रूपात आढळते. पाण्यातील त्याचे दुधट निलंबन ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ म्हणून ओळखले जाते. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी विक्रिया होऊन मॅग्नेशियम क्लोराइड व पाणी तयार होते. खाण्याच्या सोड्याप्रमाणे कार्बन डाय-ऑक्साइड सुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्रा वाढली की मॅग्नेशियमची लवणे आतड्यात पाणी धरून ठेवतात व जुलाब होतात. म्हणूनच ते सारक म्हणूनही देतात, आणि आम्लनाशक मिश्रणांत बद्धकोष्ठ करणारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड त्याच्या जोडीला घालतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात मॅग्नेशियम साचू शकते. त्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय मुळीच घेऊ नये. आम्लयुक्त सांडपाणी उदासीन करण्यासाठी व प्लॅस्टिकमध्ये ज्वालारोधक म्हणूनही ते वापरतात.