मंगळवारचा भोंगा

मंडळी, आपल्या इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा तो ऐकून म्हणाल्या, "अगं, इथे पण गिरणी आहे का?" लालबागमध्ये आयुष्य गेलेलं, त्यांना भोंगा म्हणजे गिरणीचाच! हा टॉर्नेडोचा भोंगा, नीट वाजतो का ते दर महिन्याला बघतात, असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पूर्वीपासून येतात का गं ही वादळं, की हल्ली हवामान बिघडल्यामुळे वाढलीत?"

प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी इतिहासात शिरावं लागलं.

वादळं जुनीच आहेत. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरीत उठलेला एक टॉर्नेडो इलिनॉय ओलांडून थेट इंडियानात गेला. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग आणि ६९५ बळी! अमेरिकेत इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच टॉर्नेडोने मारलेली नाहीत. आणि गंमत (की शोकांतिका?) अशी, की लोक घाबरतील म्हणून सरकारी अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दच वापरायचा नाही, असा त्या काळी शिरस्ता होता.

मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाला २० तारखेला टॉर्नेडोने झोडपलं. २५ तारखेला तशीच हवा दिसल्यावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी धीर करून भाकीत केलं, आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा आला! दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्या शब्दावरची बंदी उठली.

पद्धतशीर नोंदीही १९५० पासूनच्या. त्या वर्षी २०१ टॉर्नेडो नोंदले गेले. आता वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास होतात. म्हणजे सहापट वाढ? नाही हो! तेव्हा ओसाड माळावर एखादी वावटळ आली नि गेली, तर बघणार कोण? आता डॉप्लर रडार आहे, हौशी निरीक्षक आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जोरदार टॉर्नेडोंची संख्या मात्र तशी वाढलेली दिसत नाही.

मग काहीच बदललं नाही का? बदललंय. २०१४ साली हॅरल्ड ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टॉर्नेडो येण्याचे दिवस कमी झालेत, पण येतात तेव्हा झुंडीने येतात. २०१८ मध्ये ब्रूक्स आणि आपल्याच नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातले व्हिक्टर जेन्सिनी यांनी १९७९ पासूनच्या नोंदी तपासल्या. टेक्सास-ओक्लाहोमाच्या मैदानांकडून कल पूर्वेकडे सरकतोय, मिसिसिपी, टेनेसी, केंटकी आणि इलिनॉयच्याही काही भागांकडे. तिथे वस्ती दाट, आणि टॉर्नेडो रात्रीही येतात.

हे तापमानवाढीमुळेच, असं शास्त्रज्ञ छातीठोकपणे म्हणत नाहीत. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, वादळाला इंधन मिळतं. पण टॉर्नेडोला वारा खाली एका दिशेचा आणि वर वेगळ्या दिशेचा, वेगळ्या वेगाचाही लागतो. तापमानवाढीने हा फरक कमी होऊ शकतो. एक हात देतो, दुसरा काढून घेतो! चक्रीवादळांचा जोर आणि मुसळधार पाऊस यांबाबत पुरावा जास्त पक्का आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं नेपरव्हिल-प्लेनफिल्ड भागात आहेत. २८ ऑगस्ट १९९० रोजी प्लेनफिल्डला टॉर्नेडो आला, २९ माणसं गेली. आधी इशारा मिळालाच नाही, भोंगे वेळेवर वाजले नाहीत. आज मंगळवारी तो वाजतो, तेव्हा कंटाळू नये, असं मला वाटतं.

सासूबाईंना एवढं सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाढलीत की नाही ते राहू दे. जिथे नव्हती तिथे येतायत ना? मग तळघरात पाणी, बॅटरी आणि माझ्या चपला ठेव."

ठेवल्यात. तुम्हीही ठेवा.