खुर्ची कोणाची, आवाज कोणाचा?

परतंत्र प्रदेशाला आंतरराष्ट्रीय परिषदेत स्थान असते काय? हा प्रश्न दूरच्या बेटांचा वाटेल. पण एके काळी तो आपल्या सोलापूरचाच होता.

28 जून 1919 रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने दोन सह्या झाल्या: भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची. त्यामुळे हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. स्वराज्य नसलेला असा तो एकटाच. शिष्टमंडळाचे नेतृत्व मात्र एका हिंदी गृहस्थाकडे, सर महंमद हबिबुल्ला यांच्याकडे, आले ते 1929 साली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. जिनिव्हात हिंदुस्थानची खुर्ची होती. सोलापुरात हिंदी माणसाच्या तोंडाला कुलूप होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच जिनिव्हात, देवमाशांच्या शिकारीवर निर्बंध घालणारा करार झाला. त्यात एक कलम होते: आपल्या वसाहतींपुरते बंधन पत्करावयाचे नसल्यास सत्ताधारी राष्ट्राने तसे जाहीर करावे. किनारा वसाहतीचा, निर्णय मालकाचा!

ही रीत पुरती गेलेली नाही. ग्रीनलंडला आज स्वतःचे विधिमंडळ आहे. तरी देवमाशांच्या आंतरराष्ट्रीय आयोगात त्याच्या वतीने मत देतो तो डेन्मार्क. 2012 साली पनामाच्या बैठकीत ग्रीनलंडवासीयांच्या शिकारीचा वाटा मतदानात फेटाळला गेला. ज्यांच्या ताटातला घास, त्यांना स्वतःचे मत नव्हते.

आपले दिवस पालटले. फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला स्थलांतरी प्राण्यांच्या कराराची परिषद भरली आणि भारताच्याच प्रस्तावाने माळढोक पक्षी त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला. या नवी पेठेपासून नान्नजचा माळ सुमारे वीस किलोमीटर; माळढोक तेथला जुना रहिवासी, आज जवळजवळ दिसेनासा झालेला. आम्हांला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच.

परंतु 1979 साली या पक्ष्यासाठी अभयारण्य आखले गेले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली, घरे आली. पुढे ते पुष्कळ घटवावे लागले. नकाशावर रेघ ओढताना माळावर मेंढरे चारणाऱ्याचे मत किती घेतले गेले?

खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असे नव्हे, हे जिनिव्हाने आपल्याला शिकविले. आता खुर्चीवर आपण आहोत. तो धडा विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.