हा ‘झेन’ तो झेन नव्हे

आज एका छोट्या गैरसमजापासून सुरुवात करू. निशिदा कितारो या जपानी तत्त्वज्ञाचा पहिला ग्रंथ १९११ साली निघाला. नाव ‘झेन नो केन्क्यू’. निशिदा झेन साधना करत होते हे खरं. त्यामुळे नाव ऐकल्याबरोबर आपल्याला वाटतं, पुस्तक झेन पंथावर असणार. पण या शीर्षकातला ‘झेन’ निराळा. उच्चार तोच, चिनी अक्षर वेगळं आणि अर्थ ‘श्रेयस’, म्हणजे जे चांगलं ते. पुस्तकात चर्चा आहे ती ‘शुद्ध अनुभवा’ची, ज्ञाता आणि ज्ञेय वेगळे होण्याआधीच्या अनुभवाची, आणि त्यामागे विल्यम जेम्स यांचं वाचन आहे.

गैरसमज लहान आहे, पण त्याचं मूळ खोल आहे. पूर्व आशियातला विचारवंत दिसला की आपण त्याला न विचारताच ‘धर्म’ या कप्प्यात टाकतो. ऑनलाइन ज्ञानकोशात आधुनिक चीन-जपानच्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी सुधारायच्या, तर आधी हा कप्पा कसा तयार झाला ते पाहावं लागेल.

निशी आमाने हे १८६३ ते १८६५ या काळात हॉलंडमध्ये लायडनला शिकले. ‘फिलॉसॉफी’साठी त्यांनी घडवलेला ‘तेत्सुगाकु’ हा शब्द १८७४ साली त्यांच्या पुस्तकातून छापला गेला आणि रुळला. पुढे तीच अक्षरं चीनमध्ये आणि कोरियात गेली. शब्द आला आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न आला: मग आपल्याकडे पूर्वी जे होतं, ते तत्त्वज्ञान होतं की नाही? रूसोचं भाषांतर करणारे नाकाए चोमिन १९०१ साली असाध्य आजारात लिहीत होते. त्यांनी सांगून टाकलं की जपानात तत्त्वज्ञान कधी नव्हतंच. चीनमध्ये हू श यांनी १९१९ साली आणि फंग यौलान यांनी १९३०च्या दशकात चिनी तत्त्वज्ञानाचे इतिहास लिहून उलट उत्तर दिलं.

इथे थोडं थांबू या. कन्फ्यूशियस हे ‘तत्त्वज्ञ’ आहेत, ही ओळखसुद्धा या आधुनिक माणसांच्या वादातून पक्की झाली. म्हणजे प्राचीनांची नोंद भरगच्च आणि आधुनिकांची दोन ओळींची असेल, तर ती प्राचीनांची नोंदही अर्धीच राहते. चष्मा दाखवायचा नाही आणि दृश्य तेवढं दाखवायचं, असं ते होतं.

आता आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण. ल्यांग शूमिंग पेकिंग विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकवत. १९२१ साली त्यांचा पौर्वात्य आणि पाश्चात्त्य संस्कृतींवरचा ग्रंथ आला. त्यांनी तीन वाटा मांडल्या: पश्चिमेची पुढे धाव घेणारी, चीनची मेळ साधणारी आणि भारताची इच्छेपासूनच मागे वळणारी. आपण लगेच म्हणणार, अहो, चार्वाक कुठे गेले? अर्थशास्त्र कुठे गेलं? सगळा भारत एका वाटेवर कसा बसवता? तक्रार रास्त आहे. पण ‘पौर्वात्य गूढवाद’ म्हणून चीन, जपान, कोरिया एकाच पोत्यात भरताना आपण दुसरं काय करतो?

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. निशिदांभोवती जमलेल्या मंडळींना ‘क्योतो संप्रदाय’ म्हणतात. १९४१-४२ मध्ये त्यांच्यातल्या निशितानी केइजी यांच्यासह चौघांच्या झालेल्या चर्चा एका नामवंत मासिकात आल्या. त्यांत जपानच्या युद्धाला तात्त्विक अर्थ दिला गेला. याच विद्यापीठात शिकलेले मार्क्सवादी तोसाका जुन, ज्यांनी १९३२ साली या संप्रदायावर टीकात्मक लेख लिहिला होता, ते ९ ऑगस्ट १९४५ रोजी तुरुंगात वारले. निशिदांचे शिष्य मिकी कियोशी सप्टेंबरात, म्हणजे युद्ध संपल्यावरही, तुरुंगातच गेले. तानाबे हाजिमे यांनी १९४६ साली पश्चात्तापालाच तत्त्वज्ञानाची पद्धत मानणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. यातली ‘शून्य’ आणि ‘ध्यान’ एवढीच बाजू नोंदीत आली, तर ती नोंद गोड होईल, खरी होणार नाही. आणि नुसती युद्धाचीच बाजू आली, तर निशिदा कशाशी झुंजत होते हे कळणारच नाही.

तर करायचं काय? फार मोठं काही नाही. ‘फुंग यू-लान’ आणि ‘फंग यौलान’ ही एकाच माणसाची नावं. रोमन लिपीच्या दोन पद्धतींमुळे ती दोन झाली. ती एका नोंदीत आणावीत. आडनाव आधी येतं हे लक्षात ठेवावं. ग्रंथाचं मूळ नाव, अर्थ आणि साल द्यावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा माणूस कोणत्या प्रश्नाला उत्तर देत होता आणि त्याला विरोध कोणी केला, हे चार वाक्यांत तरी सांगावं. ‘थोर विचारवंत’ लिहिलं नाही तरी चालेल.

केतकरांनी मराठीत ज्ञानकोश रचला, तेव्हा जगाकडे आपल्या जागेवरून पाहण्याचा आग्रह धरला. आपल्या जागेवरून पाहायचं, म्हणजे समोरच्यालाही त्याची जागा असते हे मान्य करणं आलंच. आपल्या दर्शनांना परक्यांनी नुसतं ‘अध्यात्म’ म्हटलं की आपल्याला जे खटकतं, ते क्योतोच्या आणि पेकिंगच्या माणसांबाबत आपल्या हातून होऊ नये. घरी गेल्यावर एकच नोंद उघडून पाहा. त्यात त्या माणसाचा प्रश्न सापडतो का? नाही सापडला, तर काम तिथूनच सुरू होतं.