वाटाण्याचा अंकुर आणि पडद्यामागील हात

बोलक्या उंदराची, हिमगौरीच्या सात बुटक्यांची आणि हरणाच्या पाडसाची हकीकत आज मध्यमवर्गीय घरांतील मुलांस तोंडपाठ असते. वॉल्ट डिस्नेचा मिकी १९२८ साली बोटीच्या सुकाणूपाशी शीळ घालीत अवतरला आणि हिमगौरीचा दीर्घपट १९३७ साली निघाला, हे बारामती किंवा इंदापूरकडील एखादा शाळकरी मुलगाही बिनचूक सांगेल. याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. ज्यावर आपले प्रेम असते त्याचे कूळ जाणण्याची इच्छा स्वाभाविकच होय. परंतु निर्जीव वस्तूस पडद्यावर चालावयास लावण्याची ही विद्या महाराष्ट्रात प्रथम कोणी हाताळली, असे विचारले तर तो मुलगा गप्प बसतो आणि उत्तरासाठी वडिलांकडे पाहतो. वडिलांसही बहुधा ते ठाऊक नसते.

या विद्येचे मर्म निरेच्या डाव्या कालव्यावरील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. अडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा असतो. तो वाढतो हे सर्वांस माहीत असते. वाढताना मात्र तो कोणास दिसत नाही. अठरा महिन्यांची वाढ अठरा क्षणांत डोळ्यांपुढे आणता आली तर केवढे आश्चर्य वाटेल! धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ च्या सुमारास हेच आश्चर्य घडविले. विलायतेहून आणलेला कॅमेरा त्यांच्यापाशी होता, परंतु चित्रपटावर पैसा लावण्यास कोणी धजत नव्हते. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर स्थिर ठेवला आणि अंकुर वाढत असता दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता मातीतून वर आला, आणि भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट या वाटाण्याने मोकळी केली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही कथा सांगताना, फाळके रोज एकच चित्र घेत असत, असे सांगण्याची रूढी पडली आहे. येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. मूकपटाच्या काळी पडद्यावर सेकंदास सुमारे सोळा चित्रे सरकत. रोज एक याप्रमाणे महिनाभर घेतलेली तीस चित्रे दोन सेकंदांतच संपून जातील. प्रेक्षकाची पापणी लवते न लवते तोच खेळ आटोपेल! एक मिनिट चालणाऱ्या दृश्यास नऊशे साठ चित्रे लागतात, म्हणजे महिनाभर रोज बत्तीस. तेव्हा पाहणाऱ्यांस पटण्याइतका वेळ तो अंकुर पडद्यावर वाढावयाचा, तर दंतकथा सांगते त्याहून कितीतरी अधिक खेपा कॅमेऱ्याचा दांडा फिरवावा लागला असला पाहिजे. दंतकथा बहुधा परिश्रम फुगवून सांगते. येथे तिने ते कमी करून सांगितले आहेत.

पुढे १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ साली आगकाड्यांस असेच नाचविले होते, आणि त्याच कल्पनेवरून फाळक्यांस स्फूर्ती झाली असे मानतात. रीत साधीच आहे: काडी केसभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. महायुद्धामुळे त्या काळी कोऱ्या फितीची टंचाई होती आणि पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. मोठे पौराणिक पट अडून राहिले असता या माणसाने हातची काडीपेटी पात्र म्हणून उभी केली. आणि कष्ट त्याच्या एकट्याचे नव्हते. घरातील मंडळींचा स्वयंपाक उरकल्यावर सरस्वतीबाई फाळके रात्री बसून कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडीत व फीत धुण्याच्या कामी साह्य करीत. कॅमेऱ्यात एकेक चित्र पुढे सरके ते त्या भोकांच्याच आधारे, हे ध्यानी ठेवावे.

अशी चिकाटी आपल्या मातीस परकी आहे, असे कोणी म्हणू नये. याच बारामतीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठास ओठ लागेल असे अक्षर येऊ द्यावयाचे नाही, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. अक्षर अक्षर पारखून बसविणारा तो कवी आणि काडी काडी सरकविणारा हा चित्रकार, दोघेही एकाच जातीचे कारागीर होत.

मग ही विद्या आपल्याकडे फोफावली का नाही? १९३४ साली पुण्याच्या प्रभात चित्रसंस्थेत रघुनाथ केळकर यांनी ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट तयार केला; त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनेही आपला व्यंगपट पडद्यावर आणला. आरंभ चांगला होता, परंतु बोलपटात सेकंदास चोवीस चित्रे सरकतात. दहा मिनिटांच्या पटास चौदा हजार चारशे चित्रे होतात, आणि प्रत्येक रेखाचित्र दोन वेळा टिपले तरी सात हजारांवर चित्रे हाताने काढावी लागतात. डिस्नेकडे यासाठी शेकडो माणसे राबत: एकाने हालचाल रेखाटावी, दुसऱ्याने मधली चित्रे भरावी, तिसऱ्याने शाई द्यावी, चौथ्याने रंग. आपल्याकडे कलावंत होते, चित्रशाळा मात्र नव्हती.

हे केवळ अनुमान नव्हे. १९५६ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत व्यंगपटांचा विभाग काढला आणि डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स हे शिकविण्यास आले. लगेच १९५७ साली जातककथेवरील ‘द बन्यन डिअर’ हा पट तेथून बाहेर पडला, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्याच विभागात तयार झाले. पुढे १९७४ साली विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या साह्याने केलेला ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. शिक्षक, बैठक आणि नियमित वेतन मिळताच जे दोन वर्षांत साधले, ते त्याआधी चाळीस वर्षे एकाकी माणसांच्या उमेदीवर अडून राहिले होते.

फाळक्यांच्या पटांतील फार थोडे तुकडे आज पाहावयास मिळतात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, फाळके निवर्तल्यानंतर वीस वर्षांनी. फीत एकदा कुजली की ती परत मिळवता येत नाही. परंतु माणसांची नावे विसरण्यास फीत कुजण्याचेही कारण लागत नाही. परदेशी सचेतनपटांची कितीतरी कामे आज आपल्याकडील तरुण करतात, आणि त्यांची नावे पटाच्या शेवटी बारीक अक्षरांत सरकत असतात. नेमके त्याच वेळी आपण चपला शोधीत दाराकडे निघतो. मुलांस घेऊन पुढल्या खेपेस चित्रगृहात जाल तेव्हा ती दोन मिनिटे बसून राहावे, आणि कोणती आपली नावे त्यांत दिसतात ते मुलांकडूनच वाचून घ्यावे.