लेक नाही, धरण! मावळातल्या कॅम्पिंगच्या पाण्याखाली काय आहे?

थंडी पडायला लागली की माझं इन्स्टा एकाच फोटोने भरून जातं. पुढे तंबू, तंबूवर पिवळ्या दिव्यांची माळ, मागे निळंशार पाणी आणि त्याच्याही मागे एक टोकदार डोंगर. लोकेशन, पवना लेक. आणि कॅप्शनमध्ये हमखास, ‘महाराजांच्या मावळात एक रात्र’.

आजचा एपिसोड याच फोटोवर आहे.

फोटोतला डोंगर बहुतेक वेळा तुंग असतो, नाहीतर तिकोना. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, त्यात लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. म्हणजे किल्ले अस्सल. पण ते पाणी? ते महाराजांनी कधीच पाहिलं नाही. तेव्हा तुंगच्या माथ्यावरून पहारेकऱ्याला खाली दिसायची एक नदी, तिच्या दोन्ही बाजूंची भातखाचरं आणि गावं. पवनेचं धरण पूर्ण झालं १९७२ च्या सुमारास. आपल्या ‘ऐतिहासिक’ लेकचं वय तुमच्या बाबांच्या आसपास आहे.

मावळ म्हणजे तरी काय? नदीचं खोरं. पवनेचं ते पवन मावळ, शेजारी नाणे मावळ, आंदर मावळ. किल्ले बांधले गेले ते या खोऱ्यांवर आणि कोकणातून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला. राखायची गोष्ट खाली होती, तळाशी. आणि नेमका तळच आज पाण्यात आहे.

हे फक्त पवनेपुरतं नाही. पवना, मुळशी, वळवण, शिरवता, ठोकळवाडी, तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदरा. जिथे जिथे आपण ‘लेकसाइड’ तंबू बुक करतो, त्यातलं जवळपास प्रत्येक पाणी कुणीतरी भिंत घालून अडवलेलं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने धो धो पाऊस पडतो. खोरी अरुंद आहेत, तोंडाशी भिंत घातली की मागे पाणी साठतं. आणि पश्चिमेला कडा सरळ कोकणात उतरतो.

हा कडा लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा लांबून आणावा लागायचा. घाटावर पडणारा पाऊस अडवून कड्यावरून खाली सोडला तर वीज मिळेल, ही कल्पना जमशेदजी टाटांची. ते १९०४ मध्ये गेले, पण कंपनीने काम पुढे नेलं. लोणावळ्याजवळच्या तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग आंदर मावळ. आणि मग नंबर लागला मुळशीचा, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाचा.

तिथे गावं होती. भाताची जमीन होती, आणि आंबेमोहर तांदळासाठी हा भाग नावाजलेला होता. जमीन घ्यायला सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. कंपनी खाजगी, पण काम ‘सार्वजनिक हिताचं’! हे शब्द ओळखीचे वाटतात ना?

१६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, बायका-पोरांसकट, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना फेरविचार करायला सांगितलं. पुढे लढ्याची सूत्रं पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आली. पारनेरचा हा माणूस. शिकायला एडिंबरोला गेला, पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायचं तंत्र शिकला आणि शेवटी मुळशीच्या चिखलात शेतकऱ्यांबरोबर उभा राहिला. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना इथेच मिळाली, मुळशीत.

पण या गोष्टीत गोरे साहेब विरुद्ध आपण, इतका सोपा सामना नव्हता. मला तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. जमीन कसायचं कूळ, आणि कागदावर नाव सावकाराचं. भरपाई मिळणार कुणाला? कागदावर ज्याचं नाव त्याला. त्यामुळे सावकारांचा कल पैसे घेऊन मोकळं होण्याकडे होता आणि कुळांना जमीनच हवी होती. लढ्याला आतून तडा गेला तो इथे. १९२४ पर्यंत सत्याग्रह मोडला. त्या वर्षाच्या शेवटी बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच ते याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणतात.

आता दोन गोष्टी सांगतो, त्या तुमच्या वीकेंडशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली. मुळशीचं पाणी खरं तर पूर्वेला जाणारं. मुळा, भीमा, कृष्णा आणि मग बंगालचा उपसागर. धरणाने ते उलटं फिरवलं. आता ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला कोसळतं, वीज तयार करतं आणि कुंडलिका नदीत जातं. कोलाडला तुम्ही राफ्टिंग करता ना? ज्या लाटांवर तुम्ही ओरडता, त्या याच वीजनिर्मितीतून सुटलेल्या पाण्याच्या.

दुसरी. मुंबईतला सेनापती बापट मार्ग. दादरपासून लोअर परळकडे या, कमला मिलचा परिसर याच रस्त्यावर आहे. ज्या गिरणगावाला घाटावरची वीज हवी होती, त्याच गिरणगावातून जाणाऱ्या रस्त्याला त्या विजेच्या धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव आहे. आपण तिथे ऑफिसला जातो, पब्जला जातो, ‘एसबी मार्ग’ म्हणतो आणि पुढे जातो.

बरं, हे सगळं इंग्रजांच्या काळातलं. स्वातंत्र्यानंतर काय झालं? परत पवनेला येऊ.

पवनेसाठी जमिनी घेतल्या गेल्या १९६० च्या दशकात, आपल्याच सरकारने. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा आला १९७६ मध्ये. तारखा जुळवून बघा. पवनेची माणसं उठली आधी, कायदा आला नंतर. शेकडो खातेदारांची कुटुंबं पर्यायी जमिनीसाठी पुढे अनेक दशकं खेटे घालत राहिली. आणि पाणी गेलं नदीवाटे खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना. हेच पाणी बंद पाइपने थेट धरणातून न्यायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी चिडले. ९ ऑगस्ट २०११ ला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. ज्या एक्स्प्रेसवेने आपण कॅम्पिंगला जातो, तोच हा रस्ता.

पवनेच्या काठावर एका कॅम्पवर जेवण वाढणाऱ्या काकांना मी विचारलं होतं, “काका, हा लेक किती खोल आहे?” ते म्हणाले, “धरण म्हणा हो. लेक तुमच्यासाठी.” आणि पिठल्याचं पातेलं घेऊन पुढच्या पंगतीकडे गेले.

तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. ‘लेक’ म्हटलं की वाटतं, हे इथे आधीपासूनच होतं, निसर्गाने दिलेलं. ‘धरण’ म्हटलं की लगेच प्रश्न येतात. कुणी बांधलं? कुणासाठी? आधी इथे कोण होतं? शब्द बदलला की प्रश्नच गायब होतात, आणि जाहिरातीला तेच सोयीचं असतं.

म्हणजे कॅम्पिंगला जाऊ नका, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. उरलेल्या जमिनीच्या पट्ट्यावर तंबू लावून गावातल्या कितीतरी पोरांनी घर चालवलंय. काही कॅम्प मात्र बाहेरून येऊन जमिनी घेतलेल्यांचे असतात आणि गावकरी तिथे पगारावर राबतात. कूळ आणि सावकाराची गोष्ट आठवली? म्हणून बुकिंग करताना विचारा, कॅम्प कुणाचा आहे. एवढा एक प्रश्न पुरतो.

आणखी दोन साध्या गोष्टी. पाण्यात साबण, प्लास्टिक टाकू नका, हे पाणी खाली कुणाच्या तरी पेल्यात जातं. आणि रात्री पोहायला उतरूच नका. खाली सपाट वाळू नाही, बुडालेलं खोरं आहे. पायाखाली बांध असतो, चिखल असतो आणि पुढच्या पावलाला एकदम खोल.

जमलं तर एकदा मे महिन्यात जा. पाणी उतरलेलं असतं. शेतांचे जुने बांध उघडे पडतात, आणि पवनेतलं वाघेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. पावसाळ्यानंतर ते पुन्हा बुडतं आणि आपण त्याच्या वरच्या पाण्याचा फोटो काढतो.

तुमच्या गावाजवळ असं कुठलं ‘लेक’ आहे? घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तिथे आधी काय होतं, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोपर्यंत, ऐकत राहा!