एका एकवीस अंकी संख्येची बखर

१/ १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळसंख्या आहे की दोन लहान संख्यांचा गुणाकार? या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर मिळण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

२/ १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती भिक्षूने एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे अकराच अशा रीतीने मूळसंख्या देतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

३/ ६७ ची पडताळणी सोपी नव्हती. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे नियमाने ठरते. शोधाचे क्षेत्र त्यामुळे पुष्कळ आकसते; तरीही तिचा सर्वांत लहान अवयव या क्रमात १४,४५,५८० व्या स्थानी दडलेला होता.

४/ १८७६ साली एदुआर ल्युका यांनी वेगळी वाट धरली. संख्या मूळ असती, तर एका विशिष्ट श्रेणीतील ठरावीक पदाला तिने निःशेष भाग गेला असता. तो जात नव्हता. म्हणजे संख्येला अवयव आहेत हे सिद्ध झाले, पण ते कोणते हे अज्ञातच राहिले.

५/ ३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडले:
१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

६/ कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. ‘तीन वर्षांचे रविवार’ खर्ची पडल्याचा उल्लेखही तीतच येतो. परंतु तिला प्रसिद्धी मिळाली ती एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकामुळे. तोवर कोल यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद जाणणाऱ्याने ही कथा बखरीच्याच कप्प्यात ठेवावी. अस्सल कागद म्हणजे १९०३ साली सोसायटीच्या पत्रिकेत छापलेला कोल यांचा लेख. त्यात वर्गशेषांच्या आधारे केलेला शोध नोंदलेला आहे.

७/ पुढे मर्सेन यांची यादी पाच ठिकाणी चुकल्याचे निष्पन्न झाले. ६७ व २५७ तीत नको होते. ६१, ८९ व १०७ हवे होते. तरीही या संख्यांना आजही मर्सेन यांचेच नाव आहे.

८/ गुणाकार सुलभ, अवयव शोधणे दुष्कर: या विषमतेवरच १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी गुप्तलेखनाची आरएसए पद्धत उभारली. फळ्याची कथा खरी की खोटी, हे साक्षीदारांवाचून ठरणार नाही. कोल यांच्या उत्तराला मात्र साक्षीदार लागत नाही. कागद-पेन्सिल घ्या आणि पाचव्या नोंदीतील गुणाकार स्वतः करून पाहा.