मोहाचे झाड, मनाचा मोह आणि ‘क्रश’

तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याच्या परिसरात फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागतात आणि उजाडण्याआधीच माणसे टोपल्या घेऊन झाडांखाली जमतात. या फुलांची दारू गाळतात. म्हणून ‘मोह पाडते ते मोहफूल’ अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह अनेकांना होतो. ती आकर्षक आहे, पण चुकीची.

झाडाचा ‘मोह’ संस्कृत ‘मधूक’पासून प्राकृत ‘महुअ’मार्गे आला, त्याच्या मुळाशी मध आहे. मनाचा ‘मोह’ निघाला ‘मुह्’ या धातूपासून : भांबावणे, भान हरपणे. मराठीत येईपर्यंत दोघांचा उच्चार एक झाला, इतकेच.

तरीही या झाडाचा प्रेमाशी संबंध जुनाच आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे 700 गाथांच्या संग्रहात, एक स्त्री मोहाची शेवटची फुले रडत रडत वेचते, जणू चितेतून आप्ताच्या अस्थी. टीकाकार कारण सांगतात : बहर संपला, आता फुलांच्या निमित्ताने प्रियकराला भेटता येणार नाही.

आता इंग्रजीकडे. ‘इन्फॅच्युएशन’च्या पोटात लॅटिन ‘फॅट्युअस’, म्हणजे मूर्ख, दडलेला आहे. 16 व्या शतकात या कुळातले क्रियापद इंग्रजीत आले तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख बनवणे’ असाच होता. म्हणजे त्यासाठी मराठीत ‘मोह’ वापरणारा मुळापर्यंत अचूक पोहोचतो. ‘मुह्’पासूनच ‘मूढ’ झाला आणि ‘मुग्ध’ही. एक मूर्खच राहिला. दुसरा आधी भांबावलेला, मग भोळा, आणि शेवटी चक्क सुंदर ठरला!

मात्र जुन्या ग्रंथांतील प्रत्येक ‘मोह’ प्रेमाचा समजू नये. बौद्ध विचारात राग, द्वेष आणि मोह ही तीन वेगळी अकुशल मुळे आहेत. ओढ वाटणे हा राग. खरे न दिसणे हा मोह. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुनाचा जो मोह नष्ट होतो, तोही न दिसण्याचाच.

‘क्रश’ या सगळ्यात अगदी तरुण. या अर्थाने तो 1884 मध्ये इझाबेला मॉड रिटेनहाउस या अमेरिकन तरुणीच्या दैनंदिनीत आढळतो. त्याच काळात तिकडे ‘मॅश’ आणि ‘स्मॅश’ही याच अर्थाने चालत. तिन्हींचा मूळ अर्थ चिरडणे, ठेचणे वा फोडणे. येथे बुद्धी हरपत नाही. माणूस आघाताने चेपला जातो.

आघाताची ही कल्पना मराठीला नवी नव्हती. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या सान्निध्यात मन खेचले जाण्याला ‘वेध’ म्हणतात, आणि त्या शब्दामागचा ‘व्यध्’ धातू म्हणजे भोसकणे, टोचणे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त या वेधाचे एक उदाहरण थेट याच जिल्ह्यातले आहे : भंडाऱ्याचा निळभट्ट. स्वामींची भेट झाली आणि तो घरदार सोडून त्यांच्यामागे निघाला. पुढे ग्रंथाने त्याला गावाच्याच नावाने ओळखले : भांडारेकार.